पहाऱ्याचा पिंजरा

३ नोव्हेंबर

चि. खारूताईस मामाचे अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून तू म्हणशील, मामाचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण फोनवर मी "कशी आहेस गं" म्हणतो, तू "बरी आहे" म्हणतेस, आणि मग दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. त्यापेक्षा कागद बरा. तो मधेच "ठेवते हं" म्हणत नाही.

इकडे सगळं ठीक आहे. गॅलरीतल्या कुंड्या जिवंत आहेत, एक सोडून. ती कोणती ते विचारू नकोस, तुझीच आहे. तुझ्या खोलीची खिडकी रोज सकाळी उघडतो. मामीच्या शिलाई मशीनला तेल घातलं. चालवणार कोण ते मशीनलाच ठाऊक. माझं जेवणखाण वेळेवर चालू आहे, त्याची काळजी नको.

प्राणिगृह दोन महिने रिकामं होतं. भिंती तीनदा धुतल्या, पिंजरे दोनदा वाफेच्या भट्टीतून काढले. लोकांना वाटतं उंदीर म्हणजे मुके जीव. तेवीसशे उंदीर एका वेळी भुसा उकरायला लागले की केवढा आवाज होतो, ते तो आवाज बंद झाल्यावरच कळतं. परवा मी एक नंबरच्या खोलीत उभा राहून उगाचच खोकलो. दहाएक दिवसांत नवे उंदीर यायचे आहेत, म्हणजे जरा बरं वाटेल.

आता कामाचं. चौकशी समितीच्या अहवालाची प्रत तुला पोचली हे मला पशुवैद्य बाईंनी सांगितलं. त्यांच्या टेबलावरची प्रत मीही वाचली. त्यांनी "वाचू नका" म्हणून ती माझ्यासमोर ठेवली आणि चहा आणायला स्वतः गेल्या, यावरून काय ते समज. तुला तीस तारखेपर्यंत लेखी उत्तर द्यायची मुभा आहे. दिलं नाहीस तर आरोप मान्य असं धरणार, आणि मग तुला पुन्हा कुठल्याही प्राण्यावर संशोधन करता येणार नाही. सात वर्षांची मेहनत, ती लस, सगळं बंद. तू उत्तर लिही एवढंच सांगायला हा कागद घेतला.

उंदराच्या रक्तातलं ते सिरम तू बाहेरून आणलंस, न तपासता वापरलंस, त्यातून रोग आला आणि सगळे उंदीर मारावे लागले, हे खरं आहे. ते शुद्ध असल्याचा दाखला होता, त्यावर तू भरवसा ठेवलास. चूक आहे, पण ती करणारी तू पहिली नव्हेस. मात्र दुसरा आरोप, तू रोग लपवायला पहाऱ्याचे उंदीर बदललेस हा, तो निव्वळ खोटा आहे. ते तू लिहायलाच हवं.

मलाही समितीपुढे बोलावलं होतं. त्यात एक वकील होते, त्यांना उंदीर आणि घूस यातला फरक ठाऊक नव्हता. बाई म्हणाल्या, "मामा, तुम्हीच सांगा यांना सोप्या भाषेत." (तुझ्यामुळे मी अख्ख्या प्राणिगृहाचा मामा झालो, ते वेगळंच.) तूच शिकवलेलं मी त्यांना ऐकवलं, बरोबर सांगितलं का बघ.

म्हटलं, साहेब, उंदरांनाही देवी येतात. माणसाच्या देवींच्या कुळातल्याच, पण चुलत घरच्या. माणसाला त्या होत नाहीत. पांढऱ्या उंदराला झाल्या की पाय सुजतात, शेपटीवर खपल्या धरतात आणि आठवड्याभरात कारभार आटोपतो. काळ्याला झाल्या तर तो तोंडावर दाखवत नाही. आमच्या संशोधक बाईंचे (म्हणजे तुझे) उंदीर झाडून सगळे काळे. त्यातून त्यांची लस देवीच्या जुन्या लशीवर बसवलेली. मी बाही वर करून दंडावरची देवी टोचल्याची खूण दाखवली. म्हटलं, ही ती जुनी गाडी. बाईंनी हिच्यात नवा प्रवासी बसवला, लहान मुलांच्या फुप्फुसाच्या आजारावरचा. निम्म्या उंदरांना प्रवाशासकट गाडी, निम्म्यांना रिकामी. त्यामुळे कुणाचंही रक्त तपासा, देवीची ओळख सापडणारच. ती लशीची की रोगाची, रक्ताला सांगता येत नाही.

"मग रोग आला तर कळायचं कसं?" वकील म्हणाले.

त्यासाठीच खालच्या फळीवर पहाऱ्याचा पिंजरा. त्यात तीन पांढऱ्या उंदरिणी, लस न टोचलेल्या. दर सोमवारी पिंजरे बदलताना प्रत्येक पिंजऱ्यातला चमचाभर घाण भुसा काढून या तिघींच्या पिंजऱ्यात घालायचा. खोलीत कुठेही रोग असला तर तो आधी यांना व्हावा. दर तीन महिन्यांनी त्यांच्या शेपटीतून थेंबभर रक्त काढून तपासायचं.

वकील म्हणाले, "म्हणजे बिचाऱ्यांना दुसऱ्यांच्या घाणीत झोपवायचं?"

मी म्हटलं, "कामच आहे ते त्यांचं."

त्यावर त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं आणि बाहेर आलो. असो. पत्र लांबलं. उत्तर लिही. तीस तारीख दिसते लांब, पण चोरपावलांनी येते.

तुझा,
मामा


१२ नोव्हेंबर

चि. खारूताईस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, चार ओळी. इथे उतरवून काढतो, म्हणजे आपण काय लिहिलं ते तुलाही कळेल.

"मामा, सिरम मी आणलं होतं. बाकीचं ते काय लिहितात त्यानं काय फरक पडतो? इथलं काम बरं आहे, दिवसभर औषधांची लेबलं तपासते, लेबलं मरत नाहीत. तुझा निरोप समारंभ मार्चमध्ये आहे ना, त्याला मी नक्की येईन, तू एकतीस वर्षं एक डाग न लागता काम केलंस ते सगळ्यांना कळू दे."

मी तुझं पत्र टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. चार ओळींतली सगळ्यात मोठी ओळ माझ्याबद्दल. स्वतःच्या नोकरीची ज्याला फिकीर नाही त्याला माझ्या निरोप समारंभाची एवढी का पडावी? आणि "डाग" हा शब्द तुझा नाही. लहानपणी शाईनं माखलेला फ्रॉक घालून तू पाहुण्यांपुढे मिरवायचीस. तुला डागांचं कधीपासून काही वाटायला लागलं?

वकिलांचा तो शेवटचा प्रश्न सांगायचा राहिला. त्यांनी विचारलं, "तीन नंबरच्या, म्हणजे संशोधक बाईंच्या खोलीत पहाऱ्याच्या पिंजऱ्यात घाण भुसा दर सोमवारी पडत होता ना?"

मी म्हटलं, "रजिस्टर आपल्या समोर आहे साहेब."

रजिस्टरमध्ये दर सोमवारी माझी बरोबरची खूण आणि सही. त्यांनी पानं उलटली, मान डोलावली. मग त्यांचा हिशेब सोपा झाला. भुसा पडत होता. खोलीत रोग होता. तरी पहाऱ्याच्या तिघी ठणठणीत. म्हणजे तिघी कुणीतरी बदलल्या असणार. खोलीची किल्ली दोघांकडे, एक मामांकडे आणि एक संशोधक बाईंकडे. मामांच्या नावावर एकतीस वर्षं. झालं. चोर सोडून संन्याशाला सुळी.

एक विचारू का? उंदीर मारायच्या शेवटच्या दिवशी, तीन नंबरच्या खोलीत, तू खालच्या फळीवरचा तो पिंजरा काढून त्याचं झाकण उघडलंस. तेव्हा

जाऊ दे. उद्या नवे उंदीर येणार आहेत, सकाळी लवकर जायचं आहे.

मामा


२० नोव्हेंबर

चि. खारूताई,

आज आशीर्वाद शेवटी देईन. तोवर तुला ते हवेसे वाटले तर घे.

मागचं पत्र अर्ध्यावर तोडून टाकलं आणि आठ दिवस मूग गिळून बसलो. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते माझ्या घशात रोज होत होतं. आता सरळ लिहितो. आडवळणं घेण्यात मी हुशार आहे हे एव्हाना तुला कळलं असेलच.

त्या पिंजऱ्यात मी घाण भुसा घालत नव्हतो. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारपासून एकदाही नाही. दर सोमवारी त्या तिघींना भट्टीतून काढलेला कोरा, स्वच्छ भुसा घालायचो आणि रजिस्टरमध्ये खूण करून सही ठोकायचो. ज्या तिघी आजारी पडल्या असत्या तर जूनच्या रक्ततपासणीतच तुला कळलं असतं, त्या तिघींना मी स्वच्छ अंथरुणात निजवत होतो. एका खोलीवर निभावलं असतं ते चार खोल्यांवर गेलं. पैदाशीच्या खोलीत पांढऱ्यांचे पाय सुजले तेव्हाही मी म्हटलं, नर भांडले असतील, चावले असतील. तुझ्या तीन नंबरच्या खोलीतून त्या खोलीत रोज जाणारा माणूस मीच. तेवीसशे जीव आणि तुझी सात वर्षं, यात सिरमचा वाटा असेल तो असो, माझा त्याहून मोठा आहे.

का केलं हे तुला सांगायला हवं. दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

मामीला जानेवारीत दवाखान्यात नेलं त्या दुपारी तू प्रयोगशाळेत होतीस. तुला मीच सांगितलं होतं, धावत येऊ नकोस, साधा ताप आहे. वॉर्डात जागा नव्हती. तासाभरानं एक पलंग रिकामा झाला, त्यावरच्या माणसाला नुकतंच हलवलं होतं. चादर त्याचीच. एका बाजूला ओली होती. मामीनं बघितलं आणि हळूच म्हणाली, "अहो, चादर तेवढी बदलून मागा ना."

मी वॉर्डातल्या बाईकडे बघितलं. ती दोन्ही हातांत दोन सलाइनच्या बाटल्या घेऊन धावत होती. मला वाटलं, आत्ता कशाला हिला त्रास, थोड्या वेळानं मागू. आणि मीच मामीच्या खांद्याखाली हात घालून तिला त्या चादरीवर निजवलं. तिनं आणखी एकदा विचारलं. मी म्हटलं, "अगं, बदलतील, धीर धर."

चादर बदलली ती दुसऱ्या दिवशी. आठव्या दिवशी ती गेली. जंतुसंसर्ग झाला म्हणाले. त्या चादरीमुळेच झाला असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणत नाही. ताप तिला आधीचाच होता. पण खारूताई, एकतीस वर्षं रोज दीडशे पिंजऱ्यांची अंथरुणं बदलणारा माणूस मी. उंदराचा भुसा ओला दिसला तर जेवण टाकून उठणारा. आणि स्वतःच्या बायकोसाठी एक चादर मागायला माझं तोंड उघडलं नाही.

रजा संपवून कामावर आलो तो सोमवार होता. चमच्यानं घाण भुसा गोळा केला, खाली वाकलो, झाकण उघडलं. तिघी पांढऱ्या, एकमेकींना बिलगून झोपलेल्या. माझ्या चाहुलीनं एकीनं डोकं वर केलं. मला चमचा उलटा करता आला नाही. हात पुढे जाईचना. मी तो भुसा पिशवीत टाकला आणि कोरा भुसा आणून घातला. म्हटलं, एवढा सोमवार जाऊ दे. मग पुढचा. मग पुढचा. आजवर एवढं स्वच्छ आहे, एवढ्यात काय रोग येतोय, असं मनाशी म्हणायचो. सही करताना मात्र मान वर करत नसे.

हे कारण आहे, सबब नाही. कारण खरं असलं म्हणून खोटी सही खरी होत नाही.

आता तो शेवटचा दिवस. सगळ्या खोल्या संपवून आपण तीन नंबरमध्ये आलो होतो. पशुवैद्य बाई गॅसच्या टाकीपाशी, मी पिंजरे काढून देतोय, तू प्रत्येक पिंजऱ्याचं कार्ड वाचून खूण करतेस. रडत नव्हतीस. शेवटी राहिला खालच्या फळीवरचा. तो तूच उचललास. झाकण उघडलंस आणि मास्क खाली करून वास घेतलास. चाळीस पिंजऱ्यांची घाण ज्यात पडते त्या पिंजऱ्याला डोळ्यांत पाणी आणणारा दर्प हवा. त्याला नुसता ताज्या लाकडाचा वास येत होता. तू माझ्याकडे बघितलंस.

आणि मग झाकण लावून म्हणालीस, "मामा, तू सकाळपासून काही खाल्लं नाहीस. आधी जेवून घे जा."

प्राणिगृहात चारचौघांत तू मला कधी "तू" म्हटलं नव्हतंस. तिथे नेहमी "मामा, तुम्ही". बाईंनीही वळून बघितलं. मी जेवायच्या खोलीत जाऊन डबा उघडून बसलो आणि तसाच बंद केला. परत आलो तेव्हा त्या तिघी टाकीत गेलेल्या होत्या. स्वच्छ भुशानं त्यांचंही काही भलं झालं नाही.

तुला सगळं कळलं होतं. तेव्हापासूनच कळलं होतं. समितीपुढे तू एक शब्द बोलली नाहीस, सामान बांधलंस, लेबलं तपासायला निघून गेलीस, का, तर मार्चमध्ये माझ्या गळ्यात हार पडावा म्हणून. आणि मी इतका शहाणा की तुलाच पत्र पाठवून सांगतो, "उत्तर लिही बरं का." उत्तर तुला काय लिहिता आलं असतं? एकच वाक्य लिहिता आलं असतं, आणि ते तू लिहिणार नव्हतीस. मला हे कळत होतं गं. कळत असून मी पाकिटाला तिकीट लावत होतो. मला स्वतःची लाज वाटते, ती इथे लिहून ठेवतो.

आज सकाळी मोठ्या साहेबांकडे गेलो. सगळं लिहूनच नेलं होतं. फेब्रुवारीपासूनचं सगळं, समितीला दिलेल्या आडव्या उत्तरासकट. तू पहाऱ्याचे उंदीर बदलले नव्हतेस हेही लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, "मामा, तुम्ही? असं का केलंत?"

मी म्हटलं, "हातून झालं साहेब." कारण त्यांना सांगितलं नाही. ते तुझं आणि माझं आहे.

ते म्हणाले, समितीपुढे पुन्हा यावं लागेल, उद्यापासून कामावर येऊ नका, पुढचं पुढे बघू. मी किल्ल्या काढून ठेवल्या. निरोप समारंभाचा आता प्रश्न नाही. हाराचे पैसे वाचले, एरवीही मला त्या फुलांनी शिंका येतात.

जाण्याआधी मी पशुवैद्य बाईंकडे एकच मागणं केलं. म्हटलं, आजचा पिंजरे बदलायचा दिवस आहे, तेवढं करून जाऊ द्या, हवं तर तुम्ही शेजारी उभ्या राहा. त्या उभ्या राहिल्या. नवे उंदीर आलेत, बारीक, धीट, हातमोज्याला चावायला बघतात. पहाऱ्याच्या पिंजऱ्यात पुन्हा तीन पांढऱ्या. मी प्रत्येक पिंजऱ्यातून चमचाभर घाण भुसा काढला, एकही सोडला नाही, आणि खाली वाकून त्यांच्या पिंजऱ्यात घातला. तिघी आधी कोपऱ्यात गेल्या. मग एक पुढे आली, तिनं हुंगलं, मग दुसरी आली. बाई कार्डं लिहीपर्यंत तिघी तो भुसा तोंडानं ओढून ओढून घरटं करायला लागल्या होत्या. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. वाटत होतं ते मला. इतके महिने मी त्यांची चादर बदलत नव्हतो, दुसऱ्याच कुणाची तरी बदलत होतो.

रजिस्टरमध्ये खूण केली. वर बघून सही केली.

माझ्या जबाबाची प्रत सोबत आहे, साहेबांच्या सहीशिक्क्यासह. ती तुझ्या उत्तराला जोड. सिरमचं जे आहे ते कबूल कर, आणि जे नाही ते नाही म्हण. तीस तारखेच्या आत पोचेल असं टाक, उशीर वाटला तर स्वतः घेऊन ये. माझ्यावर रागव. मनसोक्त रागव, मी दार उघडून उभा राहीन. फक्त गप्प बसू नकोस, कारण आपल्या घरात गप्प बसण्याचं काय होतं ते मी तुला वर सांगितलं आहे.

ती जुनी गाडी अजून चालते. नवे उंदीर आले आहेत, त्यांत काळेही आहेत. बाई म्हणाल्या, तीन नंबरची खोली अजून कुणाला दिलेली नाही.

आता आशीर्वाद. घेतलेस तर अनेक.

प्राणिगृहातून थेट घरी आलो. चूल पेटवली, गरम केलं, ताट वाढून घेतलं आणि सगळं संपवलं. तू सांगितल्याला अडीच महिने झाले, पण खारूताई, आज जेवलो.

तुझा,
मामा